रेघेचं बिल

आवटी मॅडमनी टेपचं एक टोक धरलं, शिपायानं दुसरं,
म्हणाल्या, दस्तगीर, इथनं मार.
माझ्या छातीच्या वर, हनुवटीच्या खाली.
एकोणीसच्या पुरात कृष्णा इथवर येऊन टेकली होती.

चार इंच रुंद, निळी,
कर्नाळ रोडच्या वळणापासून गोकुळ पार्कच्या कमानीपर्यंत.
वीस वर्षं सांगलीत बोर्ड रंगवतोय,
दुकानं, टेम्पोच्या फळ्या, उमेदवारांची चिन्हं,
पण नुसती रेघ, एकही अक्षर नाही?
पहिल्या हाताला कुंचला जरा थरथरला.
मॅडमनी प्लास्टिकच्या नळीत पाणी भरून लेव्हल काढली.
पाण्याची उंची पाण्यालाच विचारायची असते.

रस्ता चढतो तिथं रेघ गुडघ्यावर येते,
उतरतो तिथं डोक्यावरनं जाते, शिडी लागते.
रेघ सरळच आहे ओ.
वरखाली आपण झालोय.

मध्ये एक नाला होता.
मॅडमच्या नकाशात तो अजून आहे,
बदली झालेल्या साहेबाची पाटी दारावर राहते तसा.
त्याच्यावर मुरूम, मुरमावर पेव्हर,
पेव्हरवर एक घसरगुंडी आणि दोन झोके.

शेट्यांचा माणूस मोटरसायकलवरनं उतरला.
पेंटर, दोन फूट खाली घे की,
फेज दोनचं बुकिंग चालू आहे.
फुटाला हजार देतो.
मी म्हटलं, पूर मी सोडत नाही बाबा,
मी नुसता रंगवतोय.
तो हसला. मी हसलो नाही, कारण
त्याच भिंतीवर तीन वर्षांमागं
मीच लिहिलं होतं:
नदीकाठी निवांत घर. चोवीस तास पाणी.
नदीच्या वेलांटीला मी एक लाट काढलेली,
शेट्यांना आवडली, पन्नास रुपये वर दिले.
आज रेघ त्या लाटेच्या बरीच वरनं गेली.

तळमजल्यावरच्या मल्लव्वा कोळेकर बाहेर आल्या,
हात पापडाच्या पिठाचे.
आतपण मार, म्हणाल्या. मला कळू दे कुठवर.
खिडकीतनं नळी आत घेतली,
पेन्सिलनं भिंतभर खूण केली.
रेघ फ्रीजच्या डोक्यावरनं गेली,
यल्लम्माच्या फोटोच्या काचेतनं गेली,
लाइटच्या बटणांच्या बरोबर मधनं गेली.
बटणं आधी वर घ्यावी लागतील, त्या म्हणाल्या.
मग कागदांची पिशवी, मग मिक्सर,
मग खाटेकडं बघून गप्प झाल्या.
खाटेवर सासरे. दोन वर्षं झाली, उठत नाहीत.
पेन्सिलची रेघ खाटेच्या हातभर वर.

वरच्या मजल्यावर रेंदाळकर राहतात, त्या म्हणाल्या,
आजच विचारून ठेवते.
पाणी दारात आल्यावर विचारायचं म्हणजे
कुणाला नाही म्हणता येत नाही,
आणि असं हो मला नको.
पदराला पीठ पुसलं आणि जिना चढल्या.
मी खालीच थांबलो, रेघेत निळा भरत.
वरनं आधी काहीच ऐकू आलं नाही.
मग कपबशी वाजली.

आठ दिवसांत बाहेरच्या रेघेवर
कुणीतरी फिकट पिवळा डिस्टेंपर मारला.
रात्री मारला असणार, कडा धड नव्हत्या.
मॅडमचा फोन आला, आवाज बसलेला.
मी म्हटलं, थांबा. काही करू नका.

डिस्टेंपर ऑइलवर धरत नाही.
आषाढात ओल चढली तसे पोपडे सुटत गेले,
आधी कमानीपाशी, मग हनुवटीपाशी,
झाकली होती त्याहून निळी दिसायला लागली.
मंजूर डिस्टेंपरच होता.
ऑइलचा फरक चौदाशे साठ,
तो बिलात लावलेला नाही.

बिलात एवढंच आहे:
निळी रेघ, नग एक.
लांबी मॅडमनी मोजून घ्यावी.
कोळेकरांच्या आतली धरू नये.
तिथं बटणं आता छताजवळ आहेत,
बाई स्टुलावर चढून दिवा लावतात.